पाठकोऱ्यावरची माणसं

शशिकला चित्रं काढते हे दोहातल्या मराठी मंडळींना ठाऊक होतं, पण ती कसली चित्रं काढते हे पाहिल्यावर बहुतेकांचा हिरमोडच व्हायचा. गणपती नाही, कमळ नाही, धावते घोडे नाहीत, खिडकीतून चंद्राकडे बघणारी बाईसुद्धा नाही. "हे काय गं काढलंयस, हातगाडीत झोपलेला म्हातारा?" असं तेजश्रीनं एकदा हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर विचारलं होतं. शशिकला म्हणाली, "झोपला होता म्हणून तर काढता आला. जागा असता तर उठून गेला असता." बायका हसल्या आणि विषय साबुदाणावड्यांवर गेला.

म्हातारा खरा होता. सूक वाकिफ या जुन्या बाजारात गिऱ्हाइकांचं सामान एकचाकी गाडीतून वाहणारे हमाल असतात ना, त्यांतला तो. दुपारी दुकानं मिटली की स्वतःच्याच गाडीत पाय दुमडून पडायचा. शशिकलानं त्याला त्याच्या मळक्या जाकिटासकट आणि उघड्या तोंडासकट कागदावर उतरवलं होतं. तिचा एक हट्ट होता. नाकडोळे मनाचे घालायचे नाहीत. जो माणूस जिथे दिसला तो तिथेच, तसाच. शाळेच्या फाटकाशी दोन्ही खांद्यांना दुसऱ्यांच्या मुलांची दप्तरं अडकवून उभी असलेली जन्नत नावाची आया, गाडीचा हॉर्न ऐकून कडक चहा घेऊन धावणारा मलबारी, चौकातल्या झाडाची सावली सरकेल तसे सरकत जाणारे बागकामाचे मजूर. एवढंच काय, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याभोवती फडकं बांधून घाबरून बसलेला एक दाढीवाला पैलवानसुद्धा होता.

बाई मूळच्या नाशिकच्या. चित्रकलेची पदविका घेऊन तिथल्या एका शाळेत शिकवत होत्या. मधुसूदनशी लग्न होऊन इकडे आल्या आणि त्यांचं शिकवणं सुटलं. मग गाडी चालवायला शिकल्या, आणि इथे गाडी चालवणाऱ्या आईच्या नशिबी काय, तर वाट बघणं. शाळेबाहेर वाट बघा, दवाखान्याबाहेर वाट बघा, नवऱ्याच्या ऑफिसखाली एसी चालू ठेवून वाट बघा. दुसरी एखादी फोन बघत बसली असती. हिनं स्टिअरिंगवर फळी टेकवली आणि काचेपलीकडची माणसं काढायला घेतली. घरी येऊन पोस्टर कलर लावायची. असं करत करत अल गराफा भागातल्या एका वाटून भाड्यानं दिलेल्या व्हिलात, वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या तीन खोल्यांमध्ये, पलंगाखाली चाळीसेक चित्रांची चळत झाली होती. त्या चळतीत अख्खं दोहा होतं. उंच इमारतींचं आणि फुटबॉलचं दोहा नव्हे, पहाटे बसमधून उतरणारं दोहा.

आता कागदाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण कागदानंच केलं.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला पाठकोरा कागद म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू स्वच्छ, असा कागद टाकून देणं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं. शशिकलाचे वडील पोस्टात होते. जुन्या पाठकोऱ्यांच्या वह्या शिवून त्यांनी तीन मुलांची गणितं सोडवून घेतली. मधु संगमनेरचा, त्याच्या घरी तर वाण्याकडच्या पुड्यांचे कागदसुद्धा हातानं सपाट करून ठेवत. आणि हा मधु इथे एका गॅस कंपनीच्या ठेकेदाराकडे नकाशे सांभाळायच्या विभागात कामाला. नवा नकाशा आला की जुना रद्द. रद्द नकाशांची थप्पी कागद कापायच्या यंत्रापाशी ठेवायची आणि यंत्रानं त्याचा भुगा करायचा. जाड, दुधासारखा पांढरा, एका बाजूनं अगदी कोरा कागद! मधुचा जीव तुटायचा. मग एक दिवस त्यानं एक गुंडाळी काखोटीला मारून घरी आणली. "कापूनच टाकणार होते गं. तुला होतील," तो म्हणाला. बायको हरखली. नंतर दर महिन्याला एक गुंडाळी यायला लागली. मागच्या बाजूला नळांच्या रेघा, झडपांची चिन्हं, टाक्या, कुंपणं, फाटकं, आणि कोपऱ्यात 'गोपनीय' असा इंग्रजीतला लाल शिक्का. शशिकलानं मागची बाजू कधी बघितलीच नाही. मधु दिवसभर तेच बघायचा, त्यामुळे त्यालाही दिसेनासं झालं होतं. चोरी करतोय असं त्या दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. आपण कागद वाचवतोय, एवढंच त्यांच्या डोक्यात.

आणि मग त्या गुरुवारी मधु भर दुपारी घरी आला.

शशिकला भेंडी चिरत होती. दार उघडलं तर नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. आत येऊन त्यानं आधी पडदे ओढले. मग स्वतःचा फोन काढला, तिचा ओट्यावरचा फोन उचलला आणि दोन्ही मायक्रोवेव्हमध्ये ठेवून दार लावलं.

"अहो! हे काय चाललंय?"

"हळू बोल. यात ठेवले की ऐकू जात नाही म्हणतात."

"कोणाला ऐकू जात नाही?"

मधु खुर्चीत बसला. तुकड्यातुकड्यांनी जे बाहेर पडलं ते असं. साइटजवळच्या एका चहाच्या टपरीवर कंपनीच्या कुणा बड्या साहेबानं पराठा घेतला. पराठा ज्या कागदात गुंडाळून मिळाला तो कागद त्यानं उलगडला, तर आत प्लांटचं फाटक नंबर सहा, झडपांसकट. लाल शिक्क्यावर तेल पसरलेलं. साहेबाचा पराठा हातातच राहिला. दुसऱ्या दिवशीपासून सिक्युरिटीची माणसं मधुच्या विभागात येऊन बसली होती. रद्द नकाशे कुठे जातात, कोण नेतं, किती नेतं. टपरीवर कागद पोचवणारा कोण ते अजून कळलं नव्हतं. पण सुशांतला आत बोलावलं होतं.

सुशांत म्हणजे मधुच्या शेजारच्या टेबलावरचा नागपूरचा पोरगेला इंजिनिअर, वर्षाच्या कंत्राटावर आलेला. मागच्या संक्रांतीला शशिकलाच्या हातची गुळपोळी खाऊन गेला होता.

"मंगळवारी आत गेला, तो परत टेबलावर आलाच नाही. फोन बंद. खोलीला कुलूप. त्यानं दोन गुंडाळ्या नेल्या होत्या गं, खोलीतल्या कपाटात खाली अंथरायला! अंथरायला!" मधुचा आवाज चिरकला. "आणि माझ्या घरात चाळीस आहेत."

शशिकलाच्या हातातली सुरी तशीच राहिली. डोळ्यांपुढे पहिल्यांदा आली ती ईरा. त्यांची एकुलती एक, बारावीत. बोर्डाची परीक्षा तोंडावर. बापाला आत घेतलं तर? रात्रीतून सामान बांधायला लावलं तर? पोरगी परीक्षेला कुठून बसणार, कुणाच्या नावावर राहणार? इथे सगळ्यांचं राहणं एका माणसाच्या नोकरीला बांधलेलं. तो सुटला की सगळेच सुटले.

"परत नेऊन ठेवता नाही येणार?" तिनं विचारलं.

"चित्रं काढलेली? त्या हमालाला घेऊन जाऊ ऑफिसात?"

"मग मागून काळा रंग फासते. दिसणारच नाही काही."

"वा! म्हणजे लपवलंय असं आपणच ओरडून सांगायचं. उजेडाला धरलं की रेघा दिसतात, शशी. मी वीस वर्षं हेच करतोय. एक तुकडा घरात राहिला नाही पाहिजे. एक तुकडा."

तिला कळलं. नवरा कागद म्हणत होता आणि अर्थ चित्रं असा होता. त्याला तसं म्हणवत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. ती आत गेली, पलंगाखालची चळत ओढून बाहेर काढली आणि न्हाणीघरातल्या टबाचा नळ सोडला.

जाळायची सोय नव्हती. धूर झाला की खालच्या मजल्यावरचे लोक धावत येणार. फाडून टाकलं तर तुकडे जुळवता येतात. भिजवून लगदा करणं हाच एक मार्ग होता. पोस्टर कलरला पाणी लागलं की तो काय टिकणार! पहिला गेला तो हातगाडीतला म्हातारा. त्याचं जाकीट आधी विरघळलं, मग चेहरा, मग ते उघडं तोंड. शशिकला गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी कागद दाबत होती. कणीक तिंबावी तसा तिंबत होती. मधु शेजारी बसून एकेक चित्र देत होता, आणि देताना ते पालथं धरत होता. चित्राची बाजू त्याला बघवत नव्हती. रेघा, झडपा, शिक्का एवढंच तो बघत होता. टबातलं पाणी चॉकलेटी झालं होतं.

इतक्यात बेल वाजली.

मधुनं तिचा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. परत बेल. मग दारावर थाप. "मॅडम! मेंटेनन्स!"

घरमालकाचा माणूस होता, नेहमीचा नव्हे, नवाच कुणी. मधुनं दार चार बोटं उघडलं. माणूस हातात पान्हा घेऊन हिंदीत म्हणाला, बाथरूमचा गीझर गळतो म्हणून तुम्हीच गेल्या आठवड्यात तक्रार केली होती, तो बघायला आलोय. बाथरूमचा गीझर! मधुची बोबडी वळली. आतून शशिकलाला ऐकू येत होतं. ती टबातच हात बुडवून बसली होती, आणि तिला असं वाटत होतं की हा माणूस आता बुटांसकट आत येणार, टबात बघणार आणि खिशातून कसलं तरी ओळखपत्र काढणार.

"बीवी नहा रही है," मधु कसाबसा म्हणाला.

"बाद में आऊँ?"

"कल. परसों. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," माणूस म्हणाला आणि शीळ घालत जिना उतरून गेला. मधु दाराला पाठ लावून तिथेच खाली बसला. त्या माणसाला खरंच फक्त गीझर बघायचा होता का, यावर नवराबायकोंनी नंतर कितीतरी वेळ खल केला. भीती घरात शिरली की गीझर दुरुस्त करणाराही हेर वाटतो, त्याला इलाज नाही.

चार वाजायच्या सुमाराला ईरा शाळेतून आली. दप्तर टाकून हातपाय धुवायला म्हणून न्हाणीघरात डोकावली आणि दारातच थबकली.

"आई! व्हॉट आर यू डुइंग?"

चळतीत आता थोडीच चित्रं उरली होती, आणि सगळ्यात वरचं ईराचं होतं. ती सातवीत असतानाचं. गाडीच्या मागच्या सीटवर गणवेशात झोपलेली, एक मोजा पायात, एक हातात, काचेवर गाल दाबून चपटा झालेला.

"दॅट्स मी," ईरा म्हणाली. "आई, दॅट्स मी! तू ते नाही... प्लीज. नॉट दॅट वन."

शशिकलानं नवऱ्याकडे बघितलं. तिला वाटत होतं, तो म्हणेल, ठेव एवढं एक. मधुनं चित्र पालथं केलं आणि पोरीला मागची बाजू दाखवली. शिक्का दाखवला. सुशांतदादाचं सांगितलं. परीक्षेचंही सांगितलं. सांगताना त्याचे ओठ थरथरत होते, आणि बापाला असं थरथरताना ईरानं आजवर बघितलं नव्हतं. पोरीचा चेहरा उतरला. ती आत आली, वडलांच्या हातातून चित्र घेतलं आणि स्वतःच पाण्यात दाबलं. दाबताना ती मोठ्यानं रडत होती, लहान मुलं रडतात तशी. आईनं तिला जवळ घ्यायला हात उचलले, पण हात रंगानं बरबटलेले, आणि पोरगी गणवेशात. ती तशीच हात हवेत धरून बसली.

शुक्रवारी सकाळी रस्ते ओस असतात. लगदा पिळून काळ्या पिशव्यांत भरला होता. सगळ्या पिशव्या एकाच कचरापेटीत टाकायच्या नाहीत असं मधुनं ठरवलेलं. एक इथे, एक दुसऱ्या गल्लीत, एक पार मोठ्या रस्त्यापलीकडे. ओल्या लगद्याच्या पिशव्या घेऊन निघालेली ही दोन पांढरपेशी माणसं दुरून बघितली असती तर कुणीही नक्की संशय घेतला असता. प्रत्येक खांबावरचा कॅमेरा आपल्याकडेच मान वळवतोय असं शशिकलाला वाटत होतं. मधु पेटीपाशी थांबायचा, इकडे बघायचा, तिकडे बघायचा, मग पिशवी टाकून पळत गाडीत येऊन बसायचा. "अहो, चालत या हो," ती कळवळून म्हणायची.

शेवटची पिशवी मागच्या सीटवर असताना पोलिसांची गाडी शेजारी आली. नुसती आली नाही, बरोबरीनं चालायला लागली. आतल्या पोलिसानं काच खाली केली आणि हातानं खूण केली, थांबा.

मधुनं गाडी बाजूला घेतली. शशिकलानं डोळे मिटून घेतले. तिच्या मनात एकच चाललं होतं, ईराला दुपारी काय खायचं ते सांगून यायला हवं होतं, आता कोण सांगणार. पोलीस खाली उतरला. तरुण होता. तिच्या बाजूला आला आणि दाराच्या फटीकडे बोट दाखवलं. तिची ओढणी दारात अडकून रस्त्यावर लोळत होती. चाकात गेली असती.

"शुक्रन," मधु म्हणाला. "शुक्रन, शुक्रन, शुक्रन."

पोलीस हसला, छातीवर हात ठेवला आणि निघून गेला. शशिकलानं ओढणी आत ओढून घेतली. मधुला तर पुढे बराच वेळ गाडी सुरू करायचंच सुचलं नाही.

घरी आल्यावर मधु म्हणाला, "खलास. झालं. एकही उरला नाही." आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

शशिकलाच्या घशाखाली मात्र घास उतरेना. कारण एक उरला होता, आणि ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मागच्या हिवाळ्यात ते तिघं उत्तरेला अल रुवैसच्या बंदरावर सहलीला गेले होते. तिथे धक्क्यावर एक माणूस मासे धरायचा तारेचा घुमटासारखा पिंजरा दुरुस्त करत बसला होता. शशिकला मधुला म्हणाली, "बघा हो, बसलाय कसा, अगदी मांडी घालून गजरा ओवल्यासारखा." तर तो माणूस मान वर न करता म्हणाला, "वैनी, गजरा न्हाय हा, बोट कापता." कासम, रत्नागिरीकडचा. बारा गावचं पाणी प्यायलेला खलाशी. समुद्राच्या या टोकाला मराठी ऐकून त्याला इतका आनंद झाला की त्यानं सगळ्यांना होडीवर नेऊन चहा पाजला. नंतर होडीच्या फळ्यांवर एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवणारे ते सहा खलाशी शशिकलानं काढले. कुणाचा हात थाळ्यात, कुणाचा तोंडात, आणि कासम सगळ्यांत धाकट्यापुढे माशाचा तुकडा सरकवतोय. तिनं आजवर काढलेलं सगळ्यात चांगलं चित्र. रंगवून झाल्यावर ती मुद्दाम ते दाखवायला परत गेली, आणि कासमनं ते हातात घेतलं ते खाली ठेवेचना. "ह्यो मीच!" म्हणून दहादा बोट लावून बघितलं. शेवटी तिनं ते त्याला देऊन टाकलं. आयुष्यात दिलेलं एकमेव. "बाकीची पण दाखवते तुम्हाला एकदा, माझ्याकडे ढीग आहेत," असं वर कबूलही करून आली.

काल टबापाशी ती गप्प राहिली ती जाणूनबुजून. तिच्या मनानं घेतलं होतं, सगळं जाऊ दे, पण एक कुठेतरी जगू दे. आणि आता संध्याकाळी ईरा शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र घोकत होती, आणि शशिकलाला तो कागद कासमच्या खोलीत दोरीला टाचलेला दिसत होता. दार उघडलं की वाऱ्यानं फडफडणारा. पुढून खलाशी, मागून लाल शिक्का. त्या खोलीत दहा माणसं येत-जात असणार. होडीचा मालक येत असेल. मालकाचा मुलगा कंपनीत असेल. टपरीवरच्या पराठ्यानं एवढं केलं तर हा कागद काय करील?

तिनं ताट सारलं आणि मधुला सांगून टाकलं. मधु ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "तू मला काल का नाही सांगितलंस?" आणि मग भिंतीकडे बघत बसला.

शनिवारी सकाळी दोघं निघाली. उत्तरेचा रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना फिक्कं माळरान. अर्ध्या वाटेवर मधुचा फोन वाजला. त्यानं आलेला मेसेज वाचला आणि गाडीचा वेग आपोआप कमी झाला.

"सुशांत?" तिनं विचारलं.

"नागपुरात आहे. काढला त्याला. काल विमानात बसवून दिलं. म्हणतो, कपाटातले कागद सापडले." मधुनं फोन तिच्या मांडीवर टाकला. "नशीब आपलं शशी, आपण वेळेत केलं. अजून एक, तेवढा हाती लागू दे. देवा, तेवढा एक हाती लागू दे."

तिलाही तेच वाटलं, मनापासून. कालपर्यंत एक चित्र जगावं म्हणणारी बाई आता ते आपल्या हातानं भिजवायला एकशे वीसच्या वेगानं निघाली होती.

बंदरामागे खलाशांच्या खोल्यांची ओळ होती. पत्र्याचं छत, लाकडी फळ्यांच्या भिंती. कासम दारातच जाळं पसरून बसलेला. या दोघांना बघून तो आनंदानं उठला, आणि मग त्यांचे चेहरे बघून घाबरला.

"काय झाला वैनी? घरी सगळी बरी हायत ना?"

"कासमभाई, ते चित्र," मधु म्हणाला. त्याला धीरच नव्हता. "आम्हाला ते परत हवंय. आत्ता."

कासमचा चेहरा पडला. तो एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागला. आत या म्हणेना, दारातून हलेना. मधुच्या तोंडचं पाणी पळालं. गेलं, असं शशिकलाच्या मनात आलं. कुणाला तरी दिलं यानं. कुणीतरी नेलं.

"वैनी, माफी करा," कासम शेवटी खाली बघत म्हणाला. "माझ्याकडून चूक झाली. तुमचा चित्र मी खराब केला. हितं खारा वारा, दोन दिवसांत कागदाची गुंडाळी व्हायला लागली. मग होडीची चीर बुजवायला लावताव ना तो रस, तो मी मागून सगळा फासला आणि भितीला दाबून बसवला. आता त्यो निघायचा न्हाय. ओढलात तर फाटंल."

मधुनं त्याला जवळजवळ बाजूला ढकललं आणि आत गेला. पलंगासमोरच्या भिंतीवर ते होतं. कडेपासून कडेपर्यंत फळीला बसलेलं, कुठे फुगवटा नाही, कुठे सुरकुती नाही. मधुनं कोपऱ्यात नख घातलं. कपचा निघाला, त्यामागे पिवळट टणक रस, आणि त्यामागे लाकूड. त्यानं दुसरा कोपरा खरवडला. रेघ नाही, झडप नाही, शिक्का नाही. मागची बाजू या जगात राहिलीच नव्हती. मधु भिंतीला हात टेकून हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"सुटलो! शशी, सुटलो गं! कुणाच्या बापाला दिसणार नाही! राहू दे, कासमभाई, राहू दे, तुमचंच आहे!"

शशिकला हसली नाही. ती कासमच्या पलंगाच्या कडेवर बसली. समोर सहा माणसं जेवत होती, रंग तसेच ताजे.

"अहो," ती म्हणाली, "चिकटवायची होती."

मधुचं हसू थांबलं.

"फळीला चिकटवायची होती. नाहीतर एकमेकांना, पाठीला पाठ लावून. फेविकॉलचा डबा कपाटात भरलेला पडलाय हो." तिचा आवाज चढत गेला आणि मधेच तुटला. "सगळी राहिली असती. ईराची राहिली असती."

मधु तिच्याकडे बघत उभा राहिला, नख अजून त्या कोपऱ्यात तसंच.

कासमला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्याला एवढंच कळलं की चित्र त्याच्याकडेच राहणार आहे आणि वैनी रागावलेली नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं घाईघाईनं स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं, आणि ओढणीनं डोळे पुसणाऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "वैनी, तुमची ती बाकीची चित्रां बगायला कवा येव? मागं कबूल केलं व्हतात. ढीग हायत म्हनालात."

शशिकलानं भिंतीकडे बोट दाखवलं.

"हेच," ती म्हणाली. "एवढंच आहे."